ठोका कोणाचा, नाव कोणाचे?

हिप-हॉप संगीत घरच्या घरी कसे तयार करावे, असा प्रश्न अलीकडे माझे विद्यार्थी वारंवार विचारतात. इतिहासाचा शिक्षक म्हणून यंत्रांची यादी देऊन मोकळे होणे मला पटत नाही. हे संगीत मुळात घरातच जन्मले आणि त्यामागे सामाजिक कारणे होती. ती न समजता केलेली सुरुवात ही नुसती नक्कल ठरेल.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातून महामार्ग काढण्याचे काम रॉबर्ट मोझेस या बड्या अधिकाऱ्याच्या योजनेनुसार १९४८ मध्ये सुरू झाले. त्यात हजारो कष्टकरी कुटुंबांची घरे पाडली गेली. ज्यांना शक्य होते ते गोरे लोक उपनगरांत निघून गेले. दक्षिण ब्राँक्समध्ये उरले ते प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि प्युर्टो रिकन लोक. सत्तरच्या दशकात विम्याच्या पैशासाठी काही घरमालकांनी आपल्याच इमारती पेटवून दिल्या. १९७५ च्या आर्थिक संकटात शाळांतील संगीतशिक्षणावर कुऱ्हाड पडली. वाद्य विकत घेण्याची ऐपत नाही, शिकवायला गुरू नाही. घरात होत्या त्या आईबापांच्या जुन्या तबकड्या.

११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवायला नाचाचा कार्यक्रम ठेवला. तबकड्या वाजवायला होता तिचा भाऊ क्लाइव्ह ऊर्फ कूल हर्क, जमैकातून आलेला. गाण्यात गायक थांबतो आणि केवळ ताल उरतो, त्या तुकड्यावर लोक जास्त नाचतात हे त्याने हेरले होते. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवू लागला. व्यावसायिक शाळेत विजेची कामे शिकलेल्या ग्रँडमास्टर फ्लॅशने फेकून दिलेल्या सामानातून सुटे भाग जमवले आणि पुढचा तुकडा आधी स्वतःपुरता ऐकण्याची सोय घरीच बनवली. ज्यांना वाद्य नाकारले गेले, त्यांनी वाजवण्याच्या यंत्रालाच वाद्य केले!

पुढची यंत्रेही अशीच हाती आली. १९८० चे रोलंड टीआर-८०८ हे तालयंत्र बाजारात फारसे चालले नाही. १९८३ मध्ये त्याचे उत्पादन थांबले आणि ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले. १९८७ च्या एसपी-१२०० मध्ये जेमतेम १० सेकंदांचा आवाज साठवता येई. म्हणून पोरे तबकडी जलद फिरवून आवाज भरून घेत आणि नंतर यंत्रात तो संथ करत. त्यातून जो खरखरीत, जाड आवाज आला, तीच पुढे या संगीताची ओळख झाली. १९८८ च्या एमपीसी-६० ने १६ बटणांवर बोटांनी ताल वाजवण्याची सोय दिली.

आज ही सारी यंत्रे साध्या संगणकात, मोबाइलमध्येही सामावली आहेत. सुरुवात अवघड नाही. मिनिटाला सुमारे ९० ठोक्यांची गती धरावी. चार मात्रांत पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर जाड ठोका, दुसऱ्या व चौथ्यावर कडक ठोका. मध्ये झांजेचे बारीक ठोके, त्यातला एकाआड एक किंचित उशिरा. त्या उशिरामुळे यंत्राला माणसाच्या हाताची लय येते. अशी चार आवर्तने झाली की ती फिरती ठेवावीत आणि त्यावर शब्द बसवावेत.

पण हात कोणाचा, हा प्रश्न येथेच उभा राहतो. १९६९ मध्ये द विन्स्टन्स या वाद्यवृंदाच्या ‘आमेन, ब्रदर’ या गाण्यात ग्रेगरी कोलमन या कृष्णवर्णीय वादकाने काही सेकंदांचा ताल वाजवला. तो तुकडा जगभर हजारो गाण्यांत वापरला गेला. कोलमनला त्याचे मानधन मिळाले नाही. २००६ मध्ये तो बेघर अवस्थेत मरण पावला. दुसरीकडे १९९१ मध्ये बिझ मार्की या कलावंताने विनापरवाना तुकडा वापरला म्हणून न्यूयॉर्कच्या न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला, आणि त्या निकालाची सुरुवातच चोरीविरुद्धच्या धर्माज्ञेने केली. त्यानंतर परवाना घेणे भाग पडले आणि तुकडे वापरणे पैसेवाल्यांच्याच आवाक्यात राहिले. कायद्याने कागदावरचा मालक ओळखला. ठोका देणारा हात त्याला दिसला नाही.

आपल्याला हे नवे नाही. १९७२ मध्ये दलित पँथरने अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेतले, ते दुःखाची जात ओळखूनच. आपल्याकडे हलगी ज्यांनी वाजवली त्यांना गावाने वाद्य वाजवण्याची सक्ती केली, पण कलावंत म्हणून मान दिला नाही. वाजवणाऱ्याची जात गावाला पाठ होती, त्याचे नाव कोणत्याही दप्तरात आले नाही.

म्हणून आपल्या वस्तीतला कोणी विद्यार्थी उद्या एखाद्या वृद्ध हलगीवादकाचा ताल मोबाइलमध्ये भरून घेईल, तेव्हा त्याने आधी परवानगी मागावी, गाण्यावर त्यांचे नाव लिहावे आणि पैसे आले तर त्यांचा वाटा ठरवावा. यंत्र कोणते घ्यावे, हे नंतर पाहता येईल.