शिल्लक कोणाची? : आलेखाच्या इतिहासातील एक प्रकरण

मजकुराला लेखक असतो, त्याची भूमिका असते, त्याचा एक अभिप्रेत वाचक असतो, हे साहित्याच्या अभ्यासकाला सांगावे लागत नाही. अहवालातल्या आलेखाबाबत मात्र आपण वेगळेच धरून चालतो. आलेख हा आकड्यांचा, त्याला कर्ता कुठला, असे मानून आपण तो एकतर मुकाट्याने स्वीकारतो किंवा पान उलटतो. आलेखही संहितेसारखा वाचता येतो, किंबहुना तसाच वाचला पाहिजे, एवढे एका जुन्या उदाहरणाच्या आधारे मांडावे असा आमचा प्रयत्न आहे.

कंपन्यांच्या कारभाऱ्यांसाठी जे सचित्र अहवाल सिद्ध होतात, त्या व्यवहाराला आज ‘बिझनेस इंटेलिजन्स’ असे नाव आहे. आयबीएममधील संशोधक हान्स पीटर लून यांनी १९५८ च्या एका निबंधाच्या शीर्षकातच हा शब्द योजला होता. या विद्येचे पहिले सूत्र असे की, आलेख वाचणाऱ्याच्या गरजेप्रमाणे बेतावा. कोणाला, कोणता निर्णय घ्यायचा आहे, हे आधी ठरवावे. रंग आणि आकार मागाहून. सूत्र योग्यच आहे. पण ते संगणकाबरोबर जन्माला आलेले नाही.

विल्यम प्लेफेअर (१७५९–१८२३) हा स्कॉटिश गृहस्थ तरुणपणी बर्मिंगहॅमला जेम्स वॉट याच्या हाताखाली आरेखक होता. १७८६ साली लंडनमध्ये त्याने ‘द कमर्शियल अँड पोलिटिकल ॲटलस’ हा ग्रंथ काढला. नाव ॲटलस, पण आत नकाशा एकही नाही; आहेत ते ४४ आलेख. त्यांपैकी ४३ आलेखांत आडव्या अक्षावर वर्षे, उभ्या अक्षावर पौंड, आणि मधून मुख्यतः आयात-निर्यातीच्या रेषा धावताना दिसतात. उरलेला एक म्हणजे स्कॉटलंडच्या एकाच वर्षाच्या व्यापाराचा स्तंभालेख. मागील वर्षांचे आकडे हाती नव्हते म्हणून त्याने तो नाइलाजाने काढला, आणि त्यात काळाची बाजू येत नाही म्हणून त्याला कमी लेखले. आज कचेरी-कचेरीत दिसणारा स्तंभालेख असा अडचणीतून जन्मला.

प्लेफेअरचा वाचक ठरलेला होता. राजकारणी, मोठे व्यापारी, कामाच्या रगाड्यात बुडालेली माणसे. कोष्टके पाठ करण्यात दिवसच्या दिवस जातील, तेच ज्ञान आलेखातून पाच मिनिटांत मनावर ठसेल, हा त्याचा दावा होता. म्हणून त्याने दोन रेषांमधली जागा रंगवली आणि शिल्लक इंग्लंडच्या बाजूची की विरुद्ध, हे तिथेच कोरून ठेवले. निर्यातीची रेषा वर असेल तर नफा, आयातीची वर असेल तर तोटा; इतके कळले की वाचकाचे काम झाले.

आता याच ग्रंथातला ईस्ट इंडीजशी, म्हणजे मुख्यतः हिंदुस्थानाशी, चाललेल्या व्यापाराचा आलेख घेऊ. इंग्लंडात येणाऱ्या मालाची किंमत बाहेर जाणाऱ्या मालाहून अधिक, असे या व्यापाराचे रूप होते. ग्रंथाच्या परिभाषेत ही शिल्लक इंग्लंडच्या विरुद्ध ठरते. पाच मिनिटे पाहणारा वाचक एवढेच घेऊन उठेल की, या व्यापारात आपले नुकसान होते आहे.

शतकाच्या पूर्वार्धापुरते यात तथ्यही होते, कारण कंपनी चांदी पाठवून इथला माल घेत असे. पण १७६५ साली बंगालची दिवाणी कंपनीच्या हाती आली आणि चित्र पालटले. आता रयतेकडून वसूल केलेल्या साऱ्याचा एक भाग बाजूला काढून त्यातूनच माल खरेदी केला जाऊ लागला व तो विलायतेला रवाना होऊ लागला. कंपनीच्या दप्तरात या खरेदीला ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणजे गुंतवणूक असे भारदस्त नाव होते. ज्याच्या घरचा माल, त्याच्याच खिशातल्या पैशाने तो विकत घेण्याचा हा प्रकार! आणि ही काही गुपित गोष्ट नव्हती. पार्लमेंटच्या निवड समितीच्या १७८३ च्या नवव्या अहवालात ती स्पष्टपणे नोंदवलेली आहे. तो अहवाल एडमंड बर्कच्या लेखणीतून उतरला होता. प्लेफेअरचा ग्रंथ त्यानंतर तीन वर्षांनी आला. त्याच्या रेषा खोट्या नव्हत्या. परंतु माल कोणाच्या पैशाने आला, हा प्रश्नच त्या आलेखाच्या चौकटीत मावत नव्हता. ‘शिल्लक’ या शब्दाची व्याख्या ठरली, तेव्हाच उत्तरही ठरून गेले होते.

याहून भीषण उदाहरण आलेखाचे नाही, आकड्याचे आहे. १७७० च्या दुष्काळात बंगालची निदान एक तृतीयांश माणसे दगावली, असे वॉरन हेस्टिंग्जने १७७२ साली वरिष्ठांना कळवले. त्याच पत्रात त्याने हेही लिहिले की, १७७१ ची निव्वळ वसुली १७६८ पेक्षाही अधिक झाली. वसुली पूर्वीच्या पातळीवर सक्तीने राखली गेली, याची कबुलीही त्याने दिली. या महसुलाचा कोणी आलेख काढला असता, तर रेषा जवळजवळ सपाट दिसली असती. सपाट रेषा पाहून कारभारी निश्चिंत होतो. इथे त्या रेषेच्या सपाटपणातच अत्याचार दडलेला होता.

मग वाचकासाठी बेतलेला आलेख हा मुळातच लबाड म्हणावा काय? तसे म्हणता येत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियाच्या युद्धातील सैनिकांच्या मृत्यूंचे आलेख १८५८ साली मांडले, तेही कोष्टके न वाचणाऱ्या सत्ताधाऱ्यांसाठीच. वर्षाचे बारा महिने म्हणजे वर्तुळातल्या बारा पाकळ्या. मृत्यूंचे प्रमाण त्यांच्या क्षेत्रफळातून दाखवलेले. त्यांचा खरा निर्णय आकाराचा नव्हता, तर मृत्यूंची कारणे निराळी करण्याचा होता. निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांचा, तांबडा जखमांचा, काळा इतर कारणांचा. जानेवारी १८५५ मध्ये जखमांनी ८३ सैनिक गेले, तर त्या रोगांनी २,७६१. एकूण मृत्यूंची एकच रेषा काढली असती, तर सारा दोष रणांगणावर गेला असता.

तरीही हा आलेखही डोळे उघडे ठेवूनच वाचला पाहिजे. नाइटिंगेल यांनी दोन वर्तुळे काढली आणि दोहोंमधली सीमा मार्च १८५५ च्या अखेरीस ठेवली. स्वच्छता आयोग त्याच महिन्यात तिथे पोहोचला होता. त्यामुळे सगळी सुधारणा आयोगानंतरची भासते. प्रत्यक्षात रोगबळींची संख्या फेब्रुवारीत २,१२० आणि मार्चमध्ये १,२०५ अशी आधीपासूनच उतरू लागली होती. त्यांचा निष्कर्ष याने कोसळत नाही. पण वर्ष कुठे तोडावे, हाही युक्तिवादाचा भाग असतो, हे मात्र दिसते.

प्लेफेअरच्या व्याख्येला उत्तर मिळाले ते आपल्याकडून. १८४१ साली भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी ‘बॉम्बे गॅझेट’मधल्या पत्रांतून देशाच्या लुटीची चर्चा केली होती. पुढे दादाभाई नौरोजींनी तिला हिशेबाचे बळ दिले. एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेला हा माणूस सरकारी आकडेच हाती घेऊन बसला. १८७६ मध्ये मुंबईत वाचलेल्या निबंधात त्यांनी १८३५ ते १८७२ या काळातली आयात-निर्यात तपासली. निर्यात आयातीहून अधिक, म्हणजे रूढ समजुतीप्रमाणे हिंदुस्थानचा फायदा! दादाभाईंनी विचारले, व्यापार करणाऱ्या देशाला पाठवलेल्या मालाची किंमत नफ्यासह परत मिळायला हवी. इथे मुद्दलही का येत नाही? इतरांना जी शिल्लक दिसली, तिला त्यांनी शोषण म्हटले. त्यांनी नवा आकार शोधला नाही. त्याच दोन रेषांमधली जागा त्यांनी दुसऱ्या टोकाकडून वाचली.

आजच्या अहवालांत रंग आणि आकार निवडण्याचे कौशल्य विपुल आहे, आणि ते हवेच. मात्र आलेख ज्याच्यासाठी बेतला जातो तो निर्णय घेणारा असतो. ज्यांच्याविषयी तो असतो ती माणसे बहुधा वाचकांत नसतात. म्हणून आलेख बेतणाऱ्याने शीर्षकाशेजारी व्याख्या लिहावी, वर्ष का इथेच तोडले ते सांगावे, आणि काय मोजले नाही याची एक ओळ खाली ठेवावी. आणि आपण शिकवणाऱ्यांनी एखादा अहवाल कथा-कवितेइतक्याच गांभीर्याने वर्गात न्यावा. निवेदक कोण, श्रोता कोण, कोणाचा आवाज गाळला आहे, हे प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांना विचारता येतात. ते आकड्यांनाही विचारायला हवेत, इतकेच आमचे म्हणणे आहे.