तारुण्य: शब्द आणि अधिकार

मराठ्यांच्या इतिहासात ज्यांच्या नावामागे ‘थोरले’ हे विशेषण लागले, त्यांपैकी एक माधवराव पेशवे होत. १७७२ साली थेऊर येथे क्षयाने त्यांचा अंत झाला, तेव्हा ते अवघे २७ वर्षांचे होते. पेशवाईची वस्त्रे त्यांना मिळाली ती १७६१ साली, पानिपतच्या आघातानंतर, वयाच्या सोळाव्या वर्षी. आणि राक्षसभुवनी निजामाचा पराभव त्यांनी केला तो अठराव्या वर्षी. पुढे त्यांचे पुतणे सवाई माधवराव गादीवर आले, म्हणून नामसाम्य टाळण्यासाठी हे थोरले ठरले, हे खरेच. परंतु सत्ताविशीत वारलेल्या पुरुषास थोरला म्हणताना मराठी कानास काहीच विचित्र वाटले नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

तारुण्याचे वर्णन आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते असे नाही. सुश्रुतसंहितेत सोळा वर्षांपर्यंत बाल्य मानले असून, पुढील मध्यवयात विसाव्या वर्षापर्यंत वृद्धी, तिसाव्यापर्यंत यौवन आणि चाळिसाव्यापर्यंत संपूर्णता अशी वाटणी केली आहे. परंतु ही वैद्याची दृष्टी झाली. धर्मशास्त्राने चार आश्रम सांगितले, त्यांत तारुण्य नावाचा आश्रम नाही. ब्रह्मचाऱ्याने गुरुगृह सोडले की तो गृहस्थ व्हावयाचा. मध्ये थांबावयास जागा नाही. मराठीतही ‘तरणाबांड’ किंवा ‘मिसरूड फुटलेला’ हे शब्द शरीराविषयी बोलतात. संस्कृत ‘युवन्’ आणि फारसी ‘जवान’ हे एकाच प्राचीन कुळातले. पण फौजेत गेल्यावर ‘जवान’ हा वयाचा शब्द न राहता कामाचा झाला. घरात आणि दरबारात खरे चलन होते ते थोरला, धाकटा, दादा, चिरंजीव या नात्याच्या शब्दांचे. मनुष्य किती वर्षांचा हे त्यांतून कळत नाही. तो कोणाच्या वर आणि कोणाच्या खाली, एवढे कळते.

माधवराव आणि रघुनाथराव यांचा कलह याच भाषेत समजून घ्यावा लागतो. ‘दादा’ म्हणून पुतण्यावर अधिकार चालविणे रघुनाथरावांस स्वाभाविक वाटे. १७६२ साली आळेगाव येथे माधवराव चुलत्याच्या स्वाधीन झाले. १७६८ साली धोडप येथे त्यांनी त्याच चुलत्याचा पराभव करून त्यास शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. याच्या उलट दशा सवाई माधवरावांची. १७७४ साली जन्मलेल्या या बालकास चाळीस दिवसांचा असतानाच पेशवेपद मिळाले. परंतु १७९५ साली एकविसाव्या वर्षी मृत्यू येईपर्यंत कारभार नाना फडणीसांच्याच हाती राहिला. एकाने अधिकार झगडून मिळविला, दुसऱ्यास पद मिळूनही तो मिळाला नाही. शिकण्याचा आणि चुकण्याचा काळ मात्र दोघांच्याही वाट्यास आला नाही.

असा काळ एकोणिसाव्या शतकात निर्माण झाला. बडोद्याच्या गादीवर १८७५ साली बारा वर्षांचे सयाजीराव आले, तेव्हा राज्य सर टी. माधवरावांकडे आणि बालमहाराजांचे शिक्षण एलियट साहेबांकडे सोपविण्यात आले. संपूर्ण अधिकार त्यांना मिळाले ते १८८१ च्या अखेरीस, अठराव्या वर्षी. राजपुत्रास जे लाभले तेच लहान प्रमाणात मध्यमवर्गास कॉलेजाने दिले. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि बाल्य व नोकरी यांच्यामध्ये काही वर्षे मोकळी झाली. त्या वर्षांतूनच, जातीने वा नात्याने न ओळखला जाणारा ‘तरुणवर्ग’ उदयास आला. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले, तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकर २९ वर्षांचे आणि टिळक २३ वर्षांचे होते. ज्यांना हा मार्ग नको होता वा परवडत नव्हता, त्यांच्यासाठी दुसरा फारसी शब्द सिद्धच होता: उमेदवार, म्हणजे आशा धरून बसलेला. कचेरीत बिनपगारी खर्डेघाशी करीत जागा रिकामी होण्याची वाट पाहणे, याचे नाव उमेदवारी.

मुलींना मात्र हा मधला काळ नव्हताच, आणि त्यासाठी शब्दही नव्हता. ‘तरुणी’ काव्यात असे. घरात ‘उपवर’ असे, म्हणजे वयाचे मापही वरावरूनच. लग्नाविना वय वाढले तर ‘घोडनवरी’ हा कुत्सित शब्द तयार होता. अकराव्या वर्षी विवाह झालेल्या रखमाबाईंनी नांदावयास जाण्याचे नाकारले आणि १८८४ साली पतीने त्यांच्यावर फिर्याद केली. १८८७ साली न्यायालयाने पतिगृही जा अथवा तुरुंगवास पत्करा असा निकाल दिला, तेव्हा त्यांनी तुरुंगवास पत्करण्याची तयारी दर्शविली. अजाण वयात लावलेले लग्न जाणत्या वयात नाकारता येते काय, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे तडजोड झाली. त्या इंग्लंडात शिकून डॉक्टर झाल्या. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून बारावर नेली, त्या वादात टिळक विरोधात आणि आगरकर अनुकूल होते. दोघेही १८५६ चे, दोघेही एकाच कॉलेजातले. स्वतःच्या तारुण्याचा अर्थ दोघांनी मिळून घडविला होता. मुलीच्या तारुण्यापाशी वाटा फुटल्या.

पुढील कथा कायद्याची आहे. बडोद्यात १९०४ साली बालविवाहाविरुद्ध कायदा झाला. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीस १४ आणि मुलास १८ ही मर्यादा ठरविली. आज ती १८ आणि २१ आहे. मताधिकाराचे वय एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ साली २१ वरून १८ वर आले. आपल्या कायद्याची मराठी या रेषेच्या अलीकडल्यास ‘अज्ञान’ आणि पलीकडल्यास ‘सज्ञान’ म्हणते. एका रात्रीत ज्ञान येत नाही, हे कायदे करणाऱ्यांसही ठाऊक असते. तथापि ही आकड्यांची रेषा रुक्ष म्हणून हसण्यावारी नेऊ नये. ती नव्हती तेव्हा माणसाचे वय चुलता, सासरा वा कारभारी ठरवीत असे. सोळाव्या वर्षी थोरले होणे एखाद्या माधवरावास साधते. बाकीच्यांना, आणि मुलींना तर विशेषच, थोरले होण्यापूर्वी तरुण असण्याची सवड लागते. ती सवड मिळविण्यास आपल्या समाजास शंभराहून अधिक वर्षे झगडावे लागले, आणि ती अजून सर्वांच्या पदरी पडलेली नाही.