अठ्ठावीस दिवसांचं पाकीट

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

मध्यंतरी आमची आजी नागपूरला हॉस्पिटलात होती. नर्स दर वेळी एक छोटं पाकीट आणायची. वर आजीचं नाव आणि वेळ, आत फक्त त्या वेळच्या गोळ्या. याला म्हणतात युनिट डोस. ही पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत रुजू लागली. त्याआधी औषधांचा साठा वॉर्डातच असायचा आणि नर्स त्यातून मोजून द्यायची. त्यात चुका फार व्हायच्या. म्हणून मोजण्याचं काम फार्मसीनं स्वतःकडे घेतलं.

हे ठीक. पण जिथे फार्मसीच नाही, तिथे काय?

मी माजरीचा. नागपूरहून येताना वरोरा गेलं की आमचं जंक्शन येतं. वरोऱ्याजवळच आनंदवन. कुष्ठरुग्णांसाठी बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती काढली, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण कुष्ठरोग बरा कशानं होऊ लागला, ते कोणी सांगत नाही.

तेव्हा औषध होतं एकच, डॅप्सोन. रोज एक गोळी, वर्षानुवर्षं, काहींना तर जन्मभर. लोक कंटाळायचे, मध्येच सोडायचे. जंतूंना तेच हवं होतं. १९६४ मध्ये मलेशियात सिद्ध झालं की डॅप्सोनला न जुमानणारे जंतू तयार झालेत.

१९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस प्रसिद्ध झाली : एक नाही, दोन-तीन औषधं एकत्र द्या. हेच एमडीटी. त्याच वर्षी २६ ऑगस्टला चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. शेजारचा वर्धा हा भारतात एमडीटी सुरू झालेल्या पहिल्या जिल्ह्यांपैकी एक.

आता अडचण बघा. रिफॅम्पिसिन महिन्यातून एकदाच. क्लोफाझिमिन महिन्यातून एकदा ३०० मिलिग्रॅम आणि रोज ५०. डॅप्सोन रोज १००. जंगलातल्या पाड्यावर, अक्षरओळख नसलेल्या माणसाला हे पुडीत बांधून देणार कसं? एक गोळी चुकली तर पुन्हा तेच, जंतू शिरजोर.

उत्तर निघालं पाकिटात. अठ्ठावीस दिवसांची एक स्ट्रिप. पहिल्या दिवसाचा मोठा डोस वेगळ्या कप्प्यात, तो आरोग्य कर्मचाऱ्यासमोर घ्यायचा. बाकी सत्तावीस दिवस घरी, रोजच्या गोळ्या क्रमानं. कप्पा रिकामा म्हणजे डोस झाला. वाचता यायची गरज नाही. मोठ्यांचं आणि मुलांचं पाकीट वेगळं. आजार कमी असेल तर सहा पाकिटं, जास्त असेल तर बारा. जन्मभराचा उपचार वर्षभरात आला.

मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून मला यातली गंमत जास्त जाणवते. माणूस चुकणारच, हे गृहीत धरून चूक होण्याची जागाच कमी केली. फार्मासिस्टचं अर्धं काम त्या स्ट्रिपनं केलं. पुढे टीबीसाठी भारतातच ९९डॉट्स आलं. गोळी काढली की मागे लपवलेला फोन नंबर दिसतो, त्यावर फुकट कॉल करायचा. अर्थात, कॉल आला म्हणजे गोळी गिळलीच असं नाही. पाकीट आठवण देतं, घोट माणसालाच घ्यावा लागतो.

आणि पाकीट सगळं करत नाही. क्लोफाझिमिननं कातडी काळवंडते, लोक विचारतात, म्हणून काही जण औषध लपवतात. उशीर झाला तर जंतू मरतात, पण बधिर झालेली बोटं बहुधा तशीच राहतात.

डिसेंबर २००५ मध्ये देशात रुग्णांचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं. आपल्याला वाटलं, संपलं. चंद्रपूर-गडचिरोलीत ते संपलेलं नाही, आजही नवे रुग्ण सापडतात.

म्हणून एवढंच करा. घरात, कॉलनीत कोणाच्या अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा दिसला आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन जा. पाकीट तिथे फुकट मिळतं. पण माणूस दारापर्यंत आणायला कुठलंही पाकीट जात नाही, ते आपल्यालाच करावं लागतं.

भेटू पुढच्या भागात!