बिरवाडीच्या नोंदी आणि नोंदी वाचणारं यंत्र

डॉक्टरांनी लिहिलेल्या नोंदी वाचून संगणकाला आजार ओळखता येतो का, हा आजचा विषय. याचा इतिहास बहुतेक जण न्यूयॉर्कपासून सांगतात. मी महाड तालुक्यातल्या बिरवाडीपासून सांगतो.

1976 मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचू चावला की धडधाकट माणूससुद्धा दगावायचा, आणि खात्रीचा उपाय पुस्तकात नव्हता. मग त्यांनी रुग्णाजवळ बसून लिहायला घेतलं. विंचू कधी चावला, उलटी कधी झाली, घाम किती, हातपाय गार पडले का, नाडी, रक्तदाब. अशा नोंदी एकाखाली एक ठेवल्यावर क्रम दिसला. उलटी, भरपूर घाम आणि पुरुषांमध्ये लिंगाला ताठरपणा, ही हृदयावरच्या संकटाची आगाऊ सूचना होती. 1982 मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरलं, त्यावरचा लेख तिथेच 1986 मध्ये आला. गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 1 टक्क्याच्या आसपास आलं.

आता यंत्राकडे येऊ. न्यूयॉर्क विद्यापीठात नेओमी सेगर यांच्या गटाने 1970च्या दशकात डॉक्टरांची वाक्यं फोडून तक्त्यात बसवायला सुरुवात केली. 1990च्या दशकात कोलंबिया विद्यापीठात कॅरल फ्रीडमन यांची 'मेडली' ही प्रणाली छातीच्या एक्स-रेचे अहवाल वाचू लागली. पण एक पेच होता. कागदावर 'न्यूमोनिया' हा शब्द सापडतो, वाक्य मात्र 'न्यूमोनिया नाही' असं असतं! त्यावर वेंडी चॅपमन आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये 'नेगएक्स' ही साधी पद्धत मांडली. नकाराचा शब्द शोधायचा आणि त्याच्या जवळपासचा आजार 'नाही' धरायचा.

इंग्रजीत हा नकार बहुधा आधी येतो. आपण म्हणतो, 'छातीत दुखत नाही'. नकार शेवटी. म्हणजे तिथले नियम उचलून इथे लावता येत नाहीत.

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. समजा, पोलादपूरच्या एखाद्या डोंगरवाडीतली बाई सांगते, 'हातपाय गार पडलेत, जीव घाबरा होतोय.' केसपेपरवर मात्र 'विंचूदंश', औषधाचं नाव आणि सही एवढंच उतरतं. घामाचा उल्लेखच नाही. आता तिला घाम आला नव्हता, की कुणी विचारलंच नाही? कितीही हुशार यंत्र आणा, त्याला हे त्या कागदावरून सांगता येणार नाही.

म्हणून इथे बसलेल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना एवढंच सांगतो: वेळ लिहा, जे नाही तेही लिहा, आणि रुग्णाचा शब्द जमेल तिथे त्याच्याच भाषेत ठेवा. बिरवाडीतला तो क्रम अशाच नोंदींतून सापडला होता.