ह्यूगो पुरस्कार

ह्यूगो पुरस्कार : विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांना दरवर्षी वाचकांच्या मतांवर दिला जाणारा पुरस्कार. आरंभ १९५३, फिलाडेल्फिया, अमेरिका. जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे, म्हणजे रूढ भाषेत ‘वर्ल्डकॉन’चे, वर्गणी भरलेले सभासद आदल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या साहित्यातून नावे सुचवतात, तेच मते देतात आणि संमेलनातच निकाल जाहीर होतो. परीक्षक मंडळ नसते, रोख रक्कमही नसते. विजेत्याच्या हाती येतो तो धातूचा एक अग्निबाण. वर्गणी भरेल तो मतदार एवढीच पात्रता असल्यामुळे या पुरस्काराचा इतिहास हा साहित्याइतकाच मतदारयादीचा आणि मतमोजणीचाही आहे. प्रस्तुत नोंदीत या दुसऱ्या भागाला अधिक जागा दिली आहे.

नाव : ह्यूगो गर्न्सबॅक (१८८४–१९६७) यांचा जन्म लक्झेंबर्गचा. १९०४ मध्ये ते अमेरिकेत आले, विजेच्या व रेडिओच्या सुट्या भागांचा व्यापार केला आणि त्यातूनच मासिकांच्या धंद्यात शिरले. एप्रिल १९२६ मध्ये त्यांनी केवळ विज्ञानकथांना वाहिलेले ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक सुरू केले. मानधन थकवणारे प्रकाशक म्हणून लेखकांत त्यांचा लौकिक बरा नव्हता; त्यांची स्वतःची कादंबरीही आज अभ्यासकांखेरीज फारशी कोणी उघडत नाही. तरीही पुरस्काराला त्यांचे नाव मिळाले याचे कारण मासिकातल्या वाचकपत्रांच्या पानांत सापडते. गर्न्सबॅक पत्रलेखकाच्या नावाखाली त्याचा पूर्ण पत्ता छापत. त्या पत्त्यांवरून वाचकांनी एकमेकांना परस्पर पत्रे लिहिली, शहरोशहरी मंडळे निघाली, हौशी वाचकांची चक्रमुद्रित नियतकालिके निघाली. १९३४ मध्ये गर्न्सबॅक यांनीच ‘सायन्स फिक्शन लीग’ ही वाचकसंघटना काढली. पहिले जागतिक संमेलन न्यूयॉर्क येथे १९३९ मध्ये, तिथल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरले. महायुद्धामुळे १९४२ ते १९४५ या काळात संमेलने झाली नाहीत. पुढे पुरस्कार देणारा मतदारवर्ग हा असा छापील पत्त्यांतून उभा राहिला. पुरस्काराचे अधिकृत नाव १९९२ पर्यंत ‘सायन्स फिक्शन अचीव्हमेंट अवॉर्ड’ असे होते. ‘ह्यूगो’ हे बोलण्यातले नाव. ते इतके रुळले की संमेलनाच्या नियमावलीला ते स्वीकारावे लागले. गर्न्सबॅक यांना स्वतःला १९६० मध्ये विशेष ह्यूगो देण्यात आला.

आरंभ : अकराव्या संमेलनात, १९५३ मध्ये, हॅल लिंच यांच्या कल्पनेवरून सात पुरस्कार दिले गेले. आल्फ्रेड बेस्टर यांची ‘द डिमॉलिश्ड मॅन’ ही पहिली विजेती कादंबरी. त्याच वर्षी ‘अव्वल चाहता’ असाही एक पुरस्कार होता. तो फॉरेस्ट अॅकरमन यांना मिळाला आणि त्यांनी तो ब्रिटिश चाहते केन स्लेटर यांना देऊन टाकला. लेखकांच्या ओळीत चाहत्यालाही उभे करण्याची ही प्रथा तेव्हापासूनची आहे. १९५४ च्या सॅन फ्रान्सिस्को संमेलनाने पुरस्कार दिलेच नाहीत. दरवर्षी देण्याचा संकल्प त्या वेळी कोणी केलेला नव्हता. १९५५ मध्ये क्लीव्हलँडच्या संमेलनाने ते पुन्हा सुरू केले आणि पुढे खंड पडला नाही. त्या वर्षी कादंबरीचा मान मार्क क्लिफ्टन व फ्रँक रायली यांच्या ‘दे’ड रादर बी राइट’ला मिळाला. वाचकांचे बहुमत चुकू शकते, याचे उदाहरण म्हणून ही निवड आजही पुढे केली जाते.

मानचिन्ह : पहिले अग्निबाण जॅक मॅकनाइट यांनी स्वतः घडवले. ते यंत्रकारागीर होते. काम इतके लांबले की ज्या संमेलनासाठी ते चालले होते, ते त्यांचे बव्हंशी चुकले. १९५५ मध्ये आयोजकांनी सोपी वाट शोधली. ओल्ड्समोबिल कंपनीच्या ‘रॉकेट ८८’ मोटारीच्या बॉनेटवर अग्निबाणाच्या आकाराची शोभेची आकृती असे; तीच लाकडी बैठकीवर बसवावी असा बेत होता. आकृती मागवली तर ती खालून पोकळ निघाली. मग बेन जेसन यांनी तिच्या धर्तीवर नवा आराखडा केला. आजचा आकार त्याच आराखड्यावरून आलेला आहे. १९८४ पासून अग्निबाणांचे ओतकाम इंग्लंडमधील पीटर वेस्टन यांच्या देखरेखीखाली होऊ लागले. अग्निबाण ठरलेला असतो, बैठक मात्र दरवर्षी यजमान शहर आपल्या मनाप्रमाणे करते. त्यामुळे अनेक ह्यूगो मिळवणाऱ्यांच्या कपाटात एकाच मूर्तीची निरनिराळी मखरे दिसतात.

विभाग : कथात्म साहित्याची विभागणी शब्दसंख्येवर होते. ७,५०० शब्दांच्या आत लघुकथा, १७,५०० पर्यंत दीर्घकथा, ४०,००० पर्यंत लघुकादंबरी, त्यापुढे कादंबरी. कादंबरीमालेसाठी २०१७ पासून वेगळा पुरस्कार आहे. याखेरीज चित्रकथा, संपादन, चित्रकार, संबंधित ग्रंथ, हौशी नियतकालिके, हौशी लेखक, ध्वनिमालिका इत्यादी.

दृक्‌श्राव्य आविष्कार : १९७० चा पुरस्कार अपोलो ११ च्या चांद्रमोहिमेच्या दूरचित्रवाणी वार्तांकनाला मिळाला. २००३ पासून दीर्घ व लघु असे दोन पुरस्कार.

मतदान व मतमोजणी : प्रक्रिया दोन टप्प्यांची असून ती १९५९ पासून रूढ आहे. पहिल्या टप्प्यात चालू आणि आदल्या अशा दोन्ही संमेलनांचे सभासद प्रत्येक विभागात पाचपर्यंत नावे सुचवतात. दुसऱ्या टप्प्यात अंतिम यादीतील नावांना चालू संमेलनाचे सभासद पसंतीक्रम देतात. संमेलनाला प्रत्यक्ष जावे लागत नाही, वर्गणी भरली की पुरे. मोजणी आपल्याकडच्या विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघासारखी होते. आधी पहिल्या पसंतीची मते मोजायची, कोणालाही निम्म्याहून अधिक मिळाली नाहीत तर तळाचा उमेदवार बाद करून त्याची मते पुढच्या पसंतीकडे वळवायची, आणि बहुमत होईपर्यंत हेच करत राहायचे.

यादीत ‘पुरस्कार नको’ हाही एक पर्याय असतो. भारतीय मतदाराला २०१३ मध्ये मिळालेल्या ‘नोटा’शी याची तुलना करण्याचा मोह होतो, पण फरक महत्त्वाचा आहे. लोकसभेच्या निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मते पडली तरी त्याखालोखालचा उमेदवार निवडून येतो. ह्यूगोमध्ये हा पर्याय जिंकला तर त्या विभागात कोणालाच काही मिळत नाही. त्याला पसंतीक्रमही देता येतो. म्हणजे ‘ही दोन पुस्तके चालतील, त्याखालच्या कोणालाही देण्यापेक्षा न दिलेले बरे’ असे मत मतपत्रिकेवर नोंदवता येते. १९८७ मध्ये एल. रॉन हबर्ड यांची ‘ब्लॅक जेनेसिस’ अंतिम यादीत आली होती. मतदारांनी तिला या पर्यायाच्याही खाली टाकले.

नियमांत बदल करण्याचा अधिकार संमेलनात भरणाऱ्या सर्वसाधारण सभेला आहे. दुरुस्ती एका वर्षी संमत व्हावी लागते आणि पुढच्या वर्षी, बहुधा दुसऱ्या शहरात, काही वेळा दुसऱ्या देशात, जमलेल्या सभेने ती पुन्हा संमत करावी लागते. भावनेच्या भरात नियम बदलला जात नाही, हा याचा गुण. घरात चोर शिरल्यावरही कुलूप बसायला दोन वर्षे लागतात, हा दोष.

२०१५ चा वाद : दोष उघड झाला तो २०१५ मध्ये. पुरस्कार विशिष्ट विचारांच्या, ‘वाङ्मयीन’ आणि पुरोगामी लेखनाकडे झुकले आहेत, रंजक साहसकथेला न्याय मिळत नाही, असा आक्षेप घेत काही लेखकांनी २०१३ पासून शिफारस याद्या काढायला सुरुवात केली होती. या गटाने स्वतःला ‘सॅड पपीज’ असे नाव दिले होते. त्याहून कडव्या गटाचे नाव ‘रॅबिड पपीज’. आक्षेपात किती तथ्य होते यावर दुमत आहे. परिणामाबद्दल नाही. नामांकनाच्या टप्प्यावर त्या वेळी साधी बेरीज होत असे. त्या वर्षी नामांकन करणारे २,१२२ होते. हजारो पुस्तकांमध्ये विखुरलेल्या मतांपुढे तीच पाच नावे एकगठ्ठा लिहिणाऱ्या काहीशे मतदारांचे पारडे जड झाले आणि काही विभागांच्या यादीत पाचही जागा त्यांच्याच आल्या. आपले नाव अशा यादीत आल्याचे कळताच काही लेखकांनी माघार घेतली. त्यांपैकी मार्को क्लूस यांनी रिकाम्या केलेल्या जागेवर लिउ त्सिशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ आली आणि तीच कादंबरी जिंकली. केन लिउ यांनी चिनीतून इंग्रजीत आणलेली ही अनुवादित कादंबरी. अनुवादाला हा मान प्रथमच मिळाला.

अंतिम फेरीत ५,९५० मतपत्रिका आल्या. आदल्या वर्षी त्या ३,५८७ होत्या. पाच विभागांत ‘पुरस्कार नको’ हा पर्याय विजयी ठरला. तोवरच्या साऱ्या इतिहासात मिळून तो पाचच वेळा जिंकला होता.

उपाय म्हणून जी पद्धत आली तिचे नाव ‘ई प्लुरिबस ह्यूगो’, अमेरिकेच्या राजमुद्रेवरील लॅटिन वचनावरची कोटी. सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर आणि मतदानशास्त्राचे अभ्यासक जेमसन क्विन यांनी तिचे विश्लेषण प्रसिद्ध केले आहे. प्रत्येक मतदाराकडे एका विभागासाठी एकच गुण असतो. तो त्याने लिहिलेल्या नावांत समान वाटला जातो. पाच नावे लिहिली तर प्रत्येकी एक पंचमांश. सर्वांत कमी गुणांची दोन नावे समोरासमोर ठेवतात आणि त्यांतले कमी मतदारांनी लिहिलेले नाव वगळतात. वगळलेल्या नावाचा वाटा त्या मतदाराच्या उरलेल्या नावांकडे जातो. सहा नावे उरेपर्यंत हे चालते. एकगठ्ठा यादीतली नावे यात परस्परांचेच गुण खातात, म्हणून गटाला त्याच्या संख्येच्या मानाने एक-दोन जागा मिळतात, पण सगळ्या नाही. दुरुस्ती २०१५ मध्ये संमत झाली, २०१६ मध्ये कायम झाली आणि २०१७ पासून लागू आहे. हाताने मोजणी मात्र आता जवळजवळ अशक्य झाली.

चेंगडू, २०२३ : नियम कितीही चोख असले तरी मोजणारे हात माणसांचेच असतात. चीनमधील चेंगडू येथील संमेलनाची नामांकनांची आकडेवारी जानेवारी २०२४ मध्ये बाहेर आली, तेव्हा आर. एफ. क्वांग यांची ‘बेबल’ ही कादंबरी, नील गेमन यांच्या ‘सँडमन’ मालिकेचा एक भाग आणि अन्य काही नावांपुढे ‘अपात्र’ एवढाच शेरा होता. कारण दिलेले नव्हते. पुढच्याच महिन्यात उघड झालेल्या ईमेलांवरून दिसले, की पुरस्कार प्रशासनातील काहींनी नामांकितांचे चीनविषयक लेखन व मते तपासून टिपणे केली होती. हे कोणाच्या सांगण्यावरून झाले की कोणी न सांगताच, यावर एकवाक्यता नाही. संबंधितांवर ठपका ठेवण्यात आला, काहींनी पदे सोडली. पुढचे संमेलन ग्लासगोचे. तिथल्या प्रशासनाने निकालाआधीच जाहीर केले, की आलेल्या ३,८१३ मतांपैकी ३७७ मते एकाच नामांकिताला जिंकवण्यासाठी खोट्या सभासदांच्या नावे टाकलेली आढळली, म्हणून ती रद्द केली आहेत.

विजेते : कादंबरीसाठी प्रत्येकी चार पुरस्कार रॉबर्ट हाइनलाइन व लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांना. १९६६ मध्ये फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ आणि रॉजर झेलाझ्नी यांची कादंबरी यांना समान मते. कथात्म साहित्यातील पहिल्या स्त्री-विजेत्या अॅन मॅकॅफ्री (१९६८). कादंबरीत उर्सुला के. ल गुइन (१९७०). एन. के. जेमिसिन यांनी २०१६, २०१७, २०१८ असा सलग तीन वर्षे कादंबरीचा मान मिळवला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय लेखिका. डेव्हिड लँगफर्ड यांचे २९ ह्यूगो, बहुतेक हौशी लेखनासाठी. ‘हॅरी पॉटर’ मालेतील चौथे पुस्तक २००१ मध्ये जिंकले, तेव्हा फँटसीला ह्यूगो चालतो का हा जुना वाद पुन्हा निघाला होता. नियमांत तो कधीच नव्हता.

तत्सम पुरस्कार : नेब्यूला पुरस्कारात मतदार लेखक असतात. लोकस पुरस्कार १९७१ पासून त्याच नावाच्या मासिकाचे वाचक देतात. जपानमधील सेइउन पुरस्कार १९७० पासून, ह्यूगोच्याच धर्तीवर.

भारत व मराठी : कोलकात्याच्या मिमी मंडल यांनी सहसंपादित केलेला ऑक्टेव्हिया बटलर यांच्यावरील ग्रंथ २०१८ मध्ये संबंधित ग्रंथ या विभागाच्या अंतिम यादीत होता. मराठीत विज्ञानकथेला बळ मिळाले ते वाचकमतदानापेक्षा स्पर्धांतून, म्हणजे परीक्षकांकडून. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप असे होते. ते जयंत विष्णू नारळीकर यांनी आपली आद्याक्षरे उलट करून घेतलेले टोपणनाव. प्रसिद्धीचा प्रभाव परीक्षकांवर पडू नये ही त्यामागची काळजी. ह्यूगोत नेमके याच्या उलट असते. तिथे नाव झाकायची सोय नाही. ह्यूगोच्या नियमांत भाषेची अट नाही. शिवाय इंग्रजीखेरीज अन्य भाषेतले लेखन ज्या वर्षी प्रथम इंग्रजी अनुवादात प्रसिद्ध होते, त्या वर्षासाठीही ते पात्र ठरते, मूळ लेखन कितीही जुने असले तरी.