पाण्याच्या माठापासून बिंदुनामावलीपर्यंत

आपल्या विहारात दरवर्षी भीमजयंतीच्या सुमारास दहावी-बारावीच्या गुणवंत मुलांचा सत्कार होतो. टाळ्या वाजतात, फोटो निघतात, पेढे वाटले जातात. मागे अशाच एका कार्यक्रमानंतर सतरंज्या गोळा करताना वस्तीतल्या एका मावशींनी आम्हाला विचारले, "दादा, माझी पोरगी एम.ए. झाली, सेट झाली, पीएच.डी.पण झाली. तरी अजून तासावरच शिकवते. तासाचा पैसा सहा-सहा महिन्यांनी मिळतो. आपली राखीव जागा असते ना? मग ती जाते कुठं?"

त्या दिवशी आम्हाला धड उत्तर देता आले नाही. "होईल मावशी, जाहिरात निघाली की होईल," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. पण तो प्रश्न मनात राहिला. वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा आम्ही ठरवले की या प्रश्नाचाच इतिहास लिहायचा. वर्गात बाकावर बसायचा हक्क आपल्याला कसा मिळाला, हे आपण सगळे जाणतो. पण फळ्यासमोर उभे राहून शिकवायचा हक्क कसा मिळाला आणि तो कुठे अडला, हे आपल्या घरांतून फारसे बोलले जात नाही.

बाबासाहेब प्राध्यापक झाले तेव्हा

ही गोष्ट सुरू होते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात. कोलंबिया विद्यापीठातले शिक्षण आणि लंडनमधला अर्धवट राहिलेला अभ्यास घेऊन बाबासाहेब १९१७ साली परत आले. बडोद्याच्या नोकरीत काय झाले, राहायला जागासुद्धा कशी मिळाली नाही, हे आपण दर जयंतीला ऐकतो. त्यानंतर नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले.

सुरुवातीला विद्यार्थ्यांनी त्यांना फारसे मनावर घेतले नाही. हा काय शिकवणार, असाच भाव. पण थोड्याच दिवसांत त्यांच्या विद्वत्तेची अशी कीर्ती झाली, की दुसऱ्या कॉलेजांतली मुलेही परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. विद्यार्थ्यांनी त्यांना स्वीकारले. अडचण निघाली ती शिक्षकांच्या खोलीत. प्राध्यापकांसाठी भरून ठेवलेल्या माठातले पाणी बाबासाहेबांनी पिऊ नये, असा आक्षेप काही सहकाऱ्यांनी घेतला.

इथे आपण जरा थांबायला हवे. महाडचा सत्याग्रह झाला १९२७ साली. त्याच्या आठ-नऊ वर्षे आधीच मुंबईच्या सरकारी कॉलेजात, कोट-टाय घातलेल्या माणसांमध्ये पाण्याचा प्रश्न उभा राहिला होता. गावातली विहीर अडाण्यांनी अडवली म्हणावे, तर इथे माठ अडवणारे सगळे पदवीधर होते. शिक्षणाने जात आपोआप जाते, हा समज किती पोकळ आहे, हे त्या एका माठाने दाखवून दिले.

मार्च १९२० पर्यंत बाबासाहेब तिथे होते. पगारातून काटकसरीने पैसे साठवून, शाहू महाराज आणि नवल भथेना यांची मदत घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. पुढे १९३५ साली ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्यही झाले. म्हणजे जो माणूस माठाजवळ नको होता, तोच प्राचार्याच्या खुर्चीत बसला. पण एक माणूस खुर्चीत बसला म्हणून समाजाला दार उघडत नाही, हे बाबासाहेबांइतके दुसऱ्या कोणाला कळले असेल?

सिद्धार्थ आणि मिलिंद

म्हणून ते दोन वाटांनी गेले. एक वाट कायद्याची. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी पाठपुरावा केला आणि १९४३ साली केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास जागा राखून ठेवल्या गेल्या. १९५० साली संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाने त्याला पक्का पाया दिला.

दुसरी वाट संस्था उभारण्याची. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. दिवसा कारकुनी, हमाली किंवा गिरणीकाम करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग भरू लागले. आपल्या वस्तीतल्या कित्येक घरांचा पहिला पदवीधर अशाच सकाळच्या वर्गांतून निघाला आहे. १९५० साली औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) दुसरे कॉलेज निघाले, तेच मिलिंद महाविद्यालय. नागसेनवनातल्या या कॉलेजची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसवली गेली.

या कॉलेजांत प्राध्यापक नेमताना बाबासाहेबांनी काय केले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्यांनी आपल्याच माणसांची भरती केली नाही. सिद्धार्थचे पहिले प्राचार्य अश्वत्थामाचार्य गजेंद्रगडकर संस्कृतचे नामांकित पंडित होते. मिलिंदचे प्राचार्य म. भि. चिटणीस हेही आपल्या समाजाचे नव्हते. उत्तम शिक्षक कोणत्याही जातीचा असो, तो आपल्या मुलांना मिळाला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. ज्यांना माठाजवळ येऊ दिले नव्हते, त्यांनी आपल्या संस्थेत कोणासाठी माठ वेगळा ठेवला नाही. सर्वसमावेशक हा शब्द हल्ली सरकारी कागदांवर फार दिसतो. तो नागसेनवनात आधी जगून दाखवला गेला.

आणि त्या बाकांवरून शिक्षक उठले. म. ना. वानखेडे मिलिंदचे प्राचार्य झाले. गंगाधर पानतावणे मिलिंदमध्ये आणि पुढे मराठवाडा विद्यापीठात मराठी शिकवत राहिले आणि 'अस्मितादर्श' चालवून त्यांनी दोन पिढ्यांना लिहिते केले. मिलिंदचेच विद्यार्थी सुखदेव थोरात २००६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. भालचंद्र मुणगेकर २००० साली मुंबई विद्यापीठाचे, तर नरेंद्र जाधव २००६ साली पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. एक शिक्षक उभा राहिला की त्याच्यामागे किती जण उभे राहतात, याचा हा हिशेब आहे.

संस्कृतच्या मॅडम

पण ही नावे सांगून टाळ्या घेणे सोपे. दाराबाहेर ताटकळत राहिलेल्यांचाही इतिहास आहे. नागपूरच्या कुमुद पावडे यांनी तो 'अंतःस्फोट' या १९८१ सालच्या पुस्तकात लिहून ठेवला आहे. महार घरातली मुलगी संस्कृत घेऊन एम.ए. झाली. कौतुक झाले, सत्कार झाले. पण प्राध्यापकीसाठी अर्ज केला की नकार. वेदांची भाषा आता ही शिकवणार, हे कित्येकांच्या पचनी पडत नव्हते. पुढे त्यांचा आंतरजातीय विवाह झाला, माहेरचे सोमकुवर हे आडनाव जाऊन पावडे आले आणि त्यानंतर सरकारी महाविद्यालयात नेमणूक मिळाली. बाई तीच, पदवी तीच, संस्कृतही तेच. बदलले फक्त आडनाव. या यशाचे श्रेय कोणत्या नावाला द्यायचे, हा त्यांचा सल आजही वाचणाऱ्याला टोचतो.

आमच्यातल्या एकाला मुलाखतीचा अनुभव आहे. समितीतल्या एकाने विषयाचा प्रश्न विचारण्याआधी गाव विचारले, मग आडनावाची फोड विचारली, मग "तुमच्यात आता बरेच जण शिकले" असे म्हणून हसला. शेवटी शेरा आला, "योग्य उमेदवार आढळला नाही." या चार शब्दांनी आपल्या किती जागा रिकाम्या ठेवल्या असतील! जागा राखीव, उमेदवार हजर, तरीही जागा रिकामीच.

हिशेबातली मेख

आणखी एक गोष्ट आपल्या समाजाने सोसली. १९५६ साली आपण धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या कागदावर अनुसूचित जातीतून बाहेर पडलो. महाराष्ट्र सरकारने राज्यापुरत्या सवलती चालू ठेवल्या. पण केंद्रीय विद्यापीठे आणि केंद्राच्या संस्थांतून 'बौद्ध' लिहिणाऱ्याला राखीव जागा नव्हती. १९९० साली कायदा दुरुस्त झाला तेव्हा ती मिळाली. मधली चौतीस वर्षे गेली ती गेलीच.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. जागा जाते कुठे? कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची, हे ठरवणाऱ्या तक्त्याला रोस्टर किंवा बिंदुनामावली म्हणतात. केंद्राच्या पद्धतीत चौथा बिंदू इतर मागासवर्गाचा, सातवा अनुसूचित जातीचा, चौदावा अनुसूचित जमातीचा. म्हणजे मोजणी कशाची करायची, यावरच सगळे ठरते.

समजा एका संस्थेत दहा विषयांचे दहा विभाग आहेत आणि प्रत्येकात सहायक प्राध्यापकाच्या तीन जागा आहेत. एकूण तीस. मोजणी विभागवार केली तर कोणत्याच विभागात चौथा बिंदू येत नाही. सातवा तर लांबच. तीसच्या तीस जागा खुल्या! तीच मोजणी पूर्ण संस्था एक धरून केली, तर तीस जागांत अनुसूचित जातीच्या चार, जमातीच्या दोन आणि इतर मागासवर्गाच्या आठ जागा निघतात. कायदा तोच, टक्केवारी तीच, फक्त मोजण्याची पद्धत बदलली की चौदा घरांच्या चुली पेटतात किंवा विझतात.

२००६ साली अनुदान आयोगाने संस्था एकक धरून मोजणी करण्याचा नियम घालून दिला. एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने विभाग हेच एकक धरले. मार्च २०१८ मध्ये आयोगाने तसे परिपत्रक काढले आणि जाहिरातींतल्या राखीव जागा धडाधड कमी झाल्या. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल कायम ठेवला. तेव्हा देशभरचे शिक्षक आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले. ५ मार्च २०१९ रोजी भारत बंदची हाक दिली गेली. दोनच दिवसांनी सरकारला अध्यादेश काढावा लागला आणि जुलै २०१९ मध्ये त्याचा कायदा झाला. केंद्रीय संस्थांत पुन्हा पूर्ण संस्था हेच एकक ठरले. २०२१ साली महाराष्ट्रानेही विषयवार मोजणी सोडून संवर्गवार मोजणीचा कायदा केला.

म्हणजे लढाई जिंकली का? कागदावर, होय. पण कायद्याला जागा भरावी लागत नाही, ती भरणाऱ्याला भरावी लागते. केंद्राच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण पाहणीप्रमाणे देशातल्या कॉलेज-विद्यापीठांच्या शिक्षकांत अनुसूचित जातीचे ९.१ टक्के आणि जमातीचे २.५ टक्के होते. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येतला वाटा १६.६ आणि ८.६ टक्के आहे. आणि भरतीच थांबवून तासिका तत्त्वावर माणसे लावली, की बिंदुनामावली कपाटातच राहते. मावशी, तुमच्या मुलीची जागा बहुतेक करून तिथेच अडली आहे.

आपलेही थोडे

दुसऱ्यांना बोल लावताना आपलाही हिशेब मांडायला हवा. आम्ही स्वतः किती वेळा "कोट्यातून लागला" असे आपल्याच माणसाबद्दल हलक्या आवाजात बोललो! नोकरी लागलेल्यांनी वस्तीकडे पाठ फिरवली, हेही खरे. मातंग, चर्मकार, वाल्मीकी भावंडांची मुले प्राध्यापक व्हावीत म्हणून आपण काय केले? आणि आपल्या घरातून मुलाला पीएच.डी. करू देतो, मुलीला मात्र "आता लग्न बघू" म्हणतो, त्याचे काय?

तेव्हा काही साध्या गोष्टी करू. कॉलेजची जाहिरात आली की ती विहाराच्या फलकावर लागू द्या. बिंदुनामावली विद्यापीठाच्या मागासवर्ग कक्षाकडून तपासली गेली का, हे विचारायला शिका. २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याने साध्या कागदावर अर्ज करून ती मागता येते. अर्ज लिहून देणारे आपल्यात आहेत. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास त्यासाठी ठेवता येईल. आणि पुढच्या सत्कारात दहावीच्या मुलांबरोबर तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही पुढे बसवू.

कपिलवस्तूचा न्हावी उपाली भिक्खू झाला तेव्हा शाक्य राजपुत्रांना त्याला आधी वंदन करावे लागले आणि राजगृहाच्या पहिल्या संगीतीत विनय त्यानेच सांगितला. ज्ञान ज्याच्याजवळ, आसन त्याचे. आपल्या परंपरेने हे अडीच हजार वर्षांपूर्वी मान्य केले आहे. विद्यापीठांना ते मान्य करायला लावायचे काम अजून उरले आहे.

मावशी, उत्तर द्यायला उशीर झाला. येत्या रविवारी पोरीला घेऊन विहारात या. पहिला अर्ज तिच्याच कॉलेजचा लिहू.

जयभीम! नमो बुद्धाय!