‘मालक’ शब्दाचे दोन अर्थ : जुन्नर-आंबेगावातील सैनिक आणि त्याचा परतीचा हक्क

शिवनेरी, चावंड, हडसर, जीवधन या किल्ल्यांवरील शिबंदीचा निर्वाह गडाच्या चाकरीवर चाले. १८१८ मध्ये हे किल्ले इंग्रजांकडे गेले आणि शिबंदी मोडली. शस्त्र खाली ठेवणाऱ्या माणसाला पुन्हा उपजीविकेस लावणारा कोणताही कायदा तेव्हा नव्हता. १८२८ ते १८३० च्या कोळ्यांच्या उठावामागे ही बेकारी हे एक कारण होते.

पुढे शतकभराने, १९२५ च्या सैनिकांच्या दाव्यांविषयीच्या अधिनियमाने, युद्धावर किंवा परमुलखात असलेल्या सैनिकाचे दिवाणी वा महसुली काम त्याच्या वतीने कोणी हजर नसल्यास तहकूब ठेवण्याची तरतूद केली; मुदतीच्या गणनेतूनही तो काळ वगळला. ज्याची जमीन गावी आणि जो स्वतः आघाडीवर, त्याला हा आधार लहान नव्हता.

नोकरीचा हक्क मात्र १९४८ च्या प्रादेशिक सेना अधिनियमात आला. ब्रिटनने १९४४ मध्ये असाच कायदा केला होता. सेवेसाठी बोलावलेल्या माणसाला रजा देणे व परतल्यावर पूर्वीपेक्षा कमी हितावह नसलेल्या अटींवर कामावर घेणे हे मालकाचे कर्तव्य ठरले. मालकाने नकार दिल्यास प्रकरण नियुक्त अधिकाऱ्यापुढे जाते. तो पुनर्नियुक्तीचा किंवा सहा महिन्यांच्या वेतनापर्यंत भरपाईचा आदेश देऊ शकतो, क्वचित मालकाला मुक्तही करतो. मुंबईच्या गिरणीत काम करणारा आंबेगावचा माणूस प्रादेशिक सेनेत असता तर या हक्काचा धनी होता. गावी शेती करून नियमित सैन्यात भरती झालेल्या त्याच्या भावाला तो लागू नव्हता. त्याला मालकच नव्हता. किंबहुना तोच मालक होता.

मराठीत कामावर ठेवणारा आणि जमीन धारण करणारा, दोघांनाही ‘मालक’ म्हणतात. हा केवळ शब्दयोग नव्हे. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमानुसार १ एप्रिल १९५७ या कृषकदिनाने कुळांना मालकीची वाट मोकळी केली. १९६४ च्या दुरुस्तीने त्या अधिनियमात सैनिक जमीनमालकांसाठी स्वतंत्र प्रकरण घातले : जेथे कूळ अजून कूळच होते, तेथे सैनिकाला वा माजी सैनिकाला स्वतः कसण्यासाठी, कमाल धारणेच्या मर्यादेत, कुळवहिवाट संपविता येऊ लागली. मृत सैनिकाच्या विधवेलाही हा हक्क मिळाला. गिरणीच्या बाबतीत परतीचा भार मालकावर होता; शेताच्या बाबतीत तो कुळावर आला.